टीपीएनवरचं बाळ, कावीळ आणि फिश ऑइल – माझा अनुभव

देवगड-कणकवलीकडच्या कुणाचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) टीपीएनवर, म्हणजे सगळं पोषण शिरेतून, असेल आणि कावीळ चढत असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय, कारण तेव्हा आम्हाला हे नीट समजावणारं कुणी भेटलं नव्हतं.

आमच्या लेकाला जन्मल्यावर लगेच हिरव्या उलट्या सुरू झाल्या (नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे अजिबात थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं), फोंडा घाटातून रातोरात कोल्हापूरला नेला, आतड्याला पीळ पडलेला, बरंचसं आतडं काढावं लागलं. उरलेल्या आतड्यावर दूध पचणार नाही म्हणून सगळं पोषण शिरेतून. एक पिवळी पिशवी, तिच्यावर उजेड लागू नये म्हणून कव्हर, आणि बाजूला सिरिंज पंपात पांढरंशुभ्र लिपिड, म्हणजे शिरेतून द्यायची चरबी. सासूबाईंनी काचेतून बघून विचारलं, "गो, पोराक शिरेतून दूध देतत?" ते दूध नव्हतं, सोयाबीन तेलाचं इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल) होतं.

काही आठवड्यांनी डोळे पिवळे, मग अंगावर हिरवट झाक, लघवीने लंगोट गडद पिवळा व्हायचा आणि शी फिकट. घरी सगळे म्हणायला लागले की नवजात बाळांना कावीळ होतेच, उन्हात धरा. पण ती कावीळ वेगळी आणि ही वेगळी. इथे डायरेक्ट बिलीरुबिन (लिव्हरमधून पित्तात जाणारं पिवळं द्रव्य) वाढतं, ते २ mg/dL च्या वर गेलं की डॉक्टर पित्त अडकतंय असं धरतात, आणि त्यावर फोटोथेरपी किंवा ऊन काही कामाचं नाही. म्हणून रिपोर्टमध्ये टोटलच्या खालची डायरेक्टची ओळ बघा.

दुसऱ्या डॉक्टरांनी कारणं सांगितली ती अशी, की तोंडातून काही जात नाही म्हणून पित्त वाहत नाही, त्यात लाईनचं (शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन झालं की लिव्हरला अजून मार, आणि सोया तेलातले फायटोस्टेरॉल (वनस्पतीतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ) व ओमेगा-६ चरबी पण त्रास देतात. नातेवाईक म्हणाले मग बंदच करा ना ते! पण बंद केलं तर बाळ उपाशी, मेंदूची वाढ थांबणार, तो पर्याय नव्हताच.

मग लिपिड बदललं. नुसत्या माशाच्या तेलाचं इमल्शन, ओमेगावेन, दिवसाला किलोमागे १ ग्रॅम. बोस्टनच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा दोन बाळांची कावीळ उतरल्याचं छापलं होतं आणि २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या ह्याच आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली. आमच्याकडे ते बाहेरून मागवावं लागलं, ह्यांनी त्यासाठी किती फोन केले देव जाणे. गावात लगेच चर्चा, माशाचं तेलच ना, मग आपणच चमच्याने पाजूया. कृपा करून असलं काही करू नका, शिरेतून द्यायचं औषध वेगळं बनवलेलं असतं.

ते चालू केलं म्हणून दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही हे आधीच मनाशी धरा. आमचा आकडा आधी अजून थोडा वर गेला आणि मी रडून रडून अर्धी झाले, मग हळूहळू उतरायला लागला. सोबत उर्सो (पित्त वाहतं करायचं औषध), ए-डी-ई-के व्हिटॅमिन, आणि पुढे दिवसातले काही तास टीपीएन बंद ठेवायला लागले. आणि सगळ्यात मोठं काम माझ्या मते दुधाचं! नळीतून तासाला अर्धा अर्धा मिली माझं दूध, पचलं तर थोडं वाढवायचं, शी पातळ झाली की परत मागे. मी लॉजवर रात्री उठून पंप करायचे, ते अर्धा मिली ऐकून वाटायचं ह्याने काय होणार, पण आतड्याला काम मिळालं की पित्त हलतं. एक सिस्टर तर लाईनला हात लावायच्या आधी जोडणीचं टोक इन्फेक्शन होऊ नये म्हणून घड्याळ बघून घासायच्या, मागे कितीही घाई असली तरी. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आता लाईन निघाली, डोळे पांढरे झाले, लेक पेज खातो. पण बिलीरुबिन नॉर्मल आलं तरी लिव्हरमध्ये आधी झालेला फायब्रोसिस (व्रणासारखा कडकपणा) राहू शकतो असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे प्लेटलेट, एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी चालूच आहे, पुढची तारीख गणपतीनंतरची.