करक्युमिन, एचटी-२९ आणि अर्धी प्लेट कंट्रोल

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर करक्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, टाकून बघायचं ठरलं, पण सुरुवातीचे कित्येक आठवडे करक्युमिनची बाटली उघडलीच नाही. आधी पेशी जगवायला शिकायचं होतं. एचटी-२९ ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, १९६४ साली एका ४४ वर्षांच्या बाईच्या गाठीतून काढलेली. आम्ही ती पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणली. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी नवं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण. या पेशी गठ्ठ्यांनी वाढतात, त्यामुळे ट्रिप्सिन या एन्झाइमने तळापासून सोडवल्यानंतर पिपेटने नीट सुट्या केल्या नाहीत तर मोजणीला काही अर्थ राहत नाही. गणपतीची सुट्टी त्यांना नसते, म्हणून मलाही नव्हती.

खरा प्रयोग दिसायला सोपा. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशी, त्यावर वाढत्या मात्रेत करक्युमिन, ४८ तासांनी एमटीटी ही जिवंत पेशी मोजायची रंगाची चाचणी. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे स्फटिक करतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. रंग फिका, म्हणजे जिवंत पेशी कमी.

गोम अशी की क्वेर्सेटिनसारखी काही वनस्पतिज द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. पेशी मेलेल्या, तरी प्लेट जांभळी! करक्युमिन तर स्वतःच रंगीत. म्हणून आमच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, "पेशींशिवाय नुसतं औषध घातलेल्या वेल्स दाखवल्याशिवाय आलेख घेऊन येऊ नकोस." करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ जास्त झालं तर तेच पेशी मारतं, म्हणून नुसत्या डीएमएसओच्या वेल्स वेगळ्या. जवळजवळ निम्मी प्लेट या तुलनेच्या, म्हणजे कंट्रोलच्या वेल्समध्येच जाते. मला तोच भाग सगळ्यात आवडला.

शिवाय करक्युमिन टिकत नाही. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव, जो मीडियममध्ये घालतात) नसलेल्या, पीएच ७.२ च्या द्रावणात ३७ अंशांना अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के मोडतं. सीरममुळे बरंच सावरतं, पण ४८ तासांनी पेशींवर करक्युमिन काम करतंय की त्याचे तुकडे, हे एमटीटी सांगत नाही.

माझ्याकडे करक्युमिनच्या साधारण २० मायक्रोमोलर (तीव्रतेचं एकक) मात्रेला निम्म्या पेशी उरल्या. मावशीने लगेच विचारलं, "मग रोज किती हळद खायची गं?" हिशोब करून दाखवला. तैवानमधल्या २००१ च्या अभ्यासात रोज ८ ग्रॅम करक्युमिन घेऊनही रक्तात सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच सापडलं होतं. हळदीत करक्युमिन जेमतेम ३ टक्के धरलं तर ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोच्या वर हळद लागेल. मावशी गप्प.

आतड्याची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. न शोषलेलं करक्युमिन तिथूनच पुढे सरकतं, आणि रोज ३.६ ग्रॅम घेतलेल्या रुग्णांच्या आतड्याच्या ऊतींत ते मोजण्याइतकं मिळालंही आहे. त्यामुळे पीएच.डी.ला आतडं सोडून दुसऱ्या अवयवावर काम करायचा माझा तरी विचार नाही.