चौकटीवरच्या ६२ रेघा

घरदुरुस्तीची देयके तपासून देणे हा माझ्या व्यवसायातला सर्वांत नीरस भाग आहे, त्यामुळे सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या इमारतीचे तीन जिने चढताना दुपारपर्यंत मोकळे होऊ, एवढीच माझी अपेक्षा होती. घरमालक निवृत्त शिक्षक होते. स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरे नव्याने करण्याचे काम त्यांनी ५,२०,००० रुपयांच्या अंदाजपत्रकावर दिले होते आणि ठेकेदाराचे शेवटचे देयक ६,८७,००० रुपयांचे आले होते. "फरशीत खाल्ले आहेत," असे काकांचे ठाम मत होते, कारण मोजमापात बसते त्याहून दहा टक्के जास्त फरशी मागवली गेली होती.

तो संशय लगेच मिटला. कोपऱ्यांतले काप, नळांची भोके आणि फूटतूट यांत आठ-दहा टक्के फरशी जातेच, हे मी त्यांना समजावून सांगितले. वाढलेल्या रकमेतले सव्वा लाख रुपये मात्र चोरीचे नव्हते, घरच्यांच्याच तोंडी हुकमांचे होते. मुलाने बंगळूरहून फोन करून कडप्प्याऐवजी ग्रॅनाइटचा ओटा करायला सांगितला होता, लाइटचे १४ पॉइंट वाढवले होते आणि त्यांपैकी कशाचाही दर कोणी कागदावर घेतला नव्हता. मी ते दर बाजाराशी ताडून पाहिले. ते वाजवी होते. काका गप्प झाले.

उरलेल्या ४२,००० रुपयांत एक नोंद मला खटकली. न्हाणीघरांच्या खोलगट (पाइपांसाठी बाजूच्यापेक्षा खाली टाकलेल्या) स्लॅबमधला जुना भराव काढून पुन्हा भरण्यासाठी १८ इंच खोली धरली होती. टेप लावून सगळे मोजता येते, पण विटांच्या तुकड्यांचा कोबा होऊन, ४८ तास पाणी साठवून गळती तपासून, वर फरशी बसल्यावर खालच्या खड्ड्याची खोली कशी मोजणार? मी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या घरात गेलो. त्यांच्या बोळाचे छत साडेनऊ फुटांवर होते आणि आमच्या न्हाणीघराखालचे छत साडेआठ फुटांवर. म्हणजे स्लॅब एकच फूट खाली गेला होता.

वर आल्यावर मी हे सांगितले, तेव्हा इतका वेळ न बोलता चहा देणाऱ्या काकू म्हणाल्या, "अहो, गोण्या मी मोजल्यात की." दाराच्या जुन्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या, चार उभ्या आणि पाचवी त्यांना छेदणारी, अशा १२ जुड्या आणि वर दोन. इमारतीला लिफ्ट नसल्याने राडारोड्याची प्रत्येक गोणी त्यांच्या दारातूनच गेली होती. भिंतींवरच्या फरशांच्या तुकड्यांच्या गोण्या त्यांनी वेगळ्या ओळीत मोजल्या होत्या. मी हिशेब केला: प्रत्येकी २८ चौरस फुटांची दोन न्हाणीघरे एक फूट खोल धरली, तर भराव होतो ५६ घनफूट; फोडल्यावर तो फुगून सुमारे तिनाचा चार होतो, म्हणजे ७५ घनफुटांच्या आसपास; आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीत सव्वा घनफूट मावतो. उत्तर आले ६० गोण्या. अठरा इंचांनी ते नव्वद आले असते.

दुपारी ठेकेदार आला. त्याने वाद घातला नाही. मुकादमाने अंदाजाने लिहिले, असे तो म्हणाला, आणि मला ते अगदी खोटे वाटले नाही. दोन्ही दारांचे ३५ चौरस फूटही भिंतीच्या फरशीतून वजा करायचे राहिले होते. असे २९,००० रुपये मी कमी केले. मात्र पाइप दडवण्यासाठी भिंतीत काढलेल्या झिऱ्या त्याने देयकात धरल्याच नव्हत्या, म्हणून त्यांचे ९,००० रुपये मी वाढवले. "फी आम्ही द्यायची आणि तुम्ही त्याचे वाढवायचे?" काका चिडून म्हणाले. मी मोजमापाची वही त्यांच्यापुढे उघडी ठेवली. त्यांनी झिऱ्यांची लांबी स्वतः दोनदा बेरीज करून पाहिली आणि सही केली.

निघताना रंगारी डबा घेऊन दाराशी उभा होता. शेवटचा हप्ता चुकता होऊन पावती हातात पडेपर्यंत चौकटीला हात लावायचा नाही, असे काकूंनी त्याला बजावले होते.