तुम्ही विचारलंत म्हणून: आयरिस बियांपासून का?

"कंद मिळतात की! मग बिया कशाला पेरत बसता?" श्रावणात आमच्या फाटकाशी थांबून फुलं बघणारे हे हमखास विचारतात. त्याला जोडूनच दुसरं येतं: "पण ही आयरिस कुठंय? ही तर लिली."

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. ही आयरिसच. केशरी, लाल ठिपक्यांची, सहा पाकळ्यांची. साताऱ्यात रोपं विकणारे तिला लेपर्ड लिली म्हणतात, आणि पुस्तकांतही ती कितीतरी वर्षं बेलॅमकँडा चायनेन्सिस या नावानं होती. डीएनएच्या अभ्यासात तिचं नातं थेट आयरिसशी जुळलं आणि २००५ मध्ये गोल्डब्लॅट आणि मॅबर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आयरिस डोमेस्टिका केलं. पानं बघितलीत तर तुमचीही खात्री पटेल. चपटी, बुडाशी एकमेकींत खोचलेली, एकाच रेषेत दोन्ही बाजूंना पसरलेली. लिलीची पानं अशी येत नाहीत.

लोक मोबाईलवर दाखवतात ती झालरीची निळी-जांभळी आयरिस वेगळी. तिला कडक हिवाळा लागतो आणि फुलून गेल्यावर कोरडी विश्रांती. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आषाढात माती वाळायचं नाव घेत नाही. अशा ओलीत तिचा कंद मऊ पडतो, दाबला तर बोट आत जातं आणि कुजका वास सुटतो. महागाचा कंद असा घालवण्यात अर्थ नाही.

ही ठिपक्यांची मात्र पावसातच फुलते. एक फूल एकच दिवस टिकतं. संध्याकाळी पाकळ्या एकमेकींभोवती पीळ घेऊन मिटतात, पण दांड्यावर दुसऱ्या दिवसासाठी कळ्या तयारच असतात.

आता बियांचं. कंद फोडून लावला की तेच झाड पुन्हा मिळतं. बी म्हणजे नवं झाड, आणि मला तेच हवं असतं. एकाच बोंडातल्या बियांची रोपं शेजारी शेजारी लावा; एकाचा दांडा वाऱ्यात आडवा होतो, दुसरा आधाराशिवाय उभा राहतो. पावसाळा ज्यानं नीट काढला त्याचंच बी मी पुढच्या वर्षासाठी राखते. अमेरिकेत केंटकीच्या सॅम्युएल नॉरिस यांनी हिचा संकर आयरिस डायकोटोमाशी केला, त्यातून पिवळी, गुलाबी, जांभळी अशी कितीतरी फुलं निघाली. त्या संकराचं बी पेरलं की कुठला रंग येईल ते फूल उमलेपर्यंत कळत नाही. कंद लावून ही वाट बघणं कुठून मिळणार?

पावसाळा सरला की बोंडं पिवळट होऊन वाळतात. मग तीन फाका मागे वळतात आणि मधे काळ्या चकचकीत बियांचा घोस उघडा पडतो, अगदी पिकलेल्या तुतीसारखा. लहान मुलं घरात असतील तर लक्ष ठेवा, बिया आणि कंद खायचे नसतात.

बी ताजं असतानाच पेरावं. मी रात्रभर पाण्यात भिजवते. जुनं बी असेल तर ओल्या वाळूत घालून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवते, थंडी मिळाली की ते लवकर जागं होतं. नुसती काळी माती नको, पाणी धरून बसते. त्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं, बी बोटाच्या पेराएवढं खोल घालायचं आणि ओल टिकवायची, चिखल करायचा नाही.

इथून पुढं लोक कंटाळतात. सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत. काही महिन्याभरात वर येतात, काहींना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून चार रोपं आली की कुंडी रिकामी करू नका. खुरपणाऱ्यालाही आधी दाखवून ठेवा, कारण कोवळं रोप हुबेहूब गवत दिसतं. ओळखायची खूण बुडाशी: पान बोटांत धरून फिरवलं तर देठ गोल लागत नाही, चपटा लागतो, आणि नवं पान जुन्याच्या खाचेतून बाहेर येतं.

फूल बहुतेक दुसऱ्या पावसाळ्यात. बी हवं असेल तर दिवाळीनंतर या, येताना कागदाचा लखोटा आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बियांना बुरशी धरते.