गाल्टनची फळी: १३६ खिळे, ५०० छर्रे आणि मोरीकडचा उतार

गाल्टनची फळी म्हणजे खिळे ठोकलेली उभी फळी: वरून सोडलेले छर्रे खिळ्यांवर आपटत खालच्या कप्प्यांत पडतात, मध्ये जास्त, कडेला कमी, आणि घंटेसारखा ढीग होतो. माझ्या फळीची सोळावी ओळ गेल्या रविवारी ठोकून झाली. पहिल्या ओळीत एक खिळा, दुसरीत दोन, असं करत सोळावीत सोळा, म्हणजे एकूण १३६. खाली १७ कप्पे, त्यांना ० ते १६ असे नंबर. छर्रे ६ मिलीमीटरचे, विश्रामबागेतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून आणलेले. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये असंच यंत्र करून घेतलं होतं. त्याला समोर काच होती, मी ॲक्रिलिकची शीट लावली आहे.

ओळी १६च का, ते आधी सांगतो, कारण माझी पहिली फळी १२ ओळींची होती आणि हिशेबाला नुसता त्रास झाला. प्रत्येक खिळ्यावर छर्रा डावीकडे किंवा उजवीकडे जातो, निम्मी निम्मी शक्यता. त्यामुळे मध्य येतो ओळींच्या निम्मा आणि प्रमाण विचलन (छर्रे मध्यापासून साधारण किती पसरतात ते) येतं ओळींच्या वर्गमुळाच्या निम्मं. १६ ओळींना मध्य ८, प्रमाण विचलन नेमकं २. झेड, म्हणजे मध्यापासून किती प्रमाण विचलनं दूर ते, काढायला कप्प्यातून ८ वजा करायचे, २ ने भागायचं, झालं. १२ ओळींना तेच १.७३ येतं आणि प्रत्येक भागाकाराला कॅल्क्युलेटर लागतो.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. मधल्या ७, ८, ९ या तीन कप्प्यांत किती छर्रे पडायला हवेत? मी सुरुवातीला सरळ ७ आणि ९ चे झेड काढले: उणे ०.५ आणि अधिक ०.५. घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राखालचं क्षेत्रफळ देणारा छापील झेड-तक्ता असतो, त्यात ०.५० समोर ०.६९१५ आहे. तक्ता झेडच्या डावीकडचं सगळं क्षेत्रफळ देतो, त्यामुळे उणे ०.५ साठी १ मधून तेच वजा करायचं: ०.३०८५. दोन्हींतला फरक ०.३८३०. म्हणजे ५०० मध्ये १९२ च्या आसपास.

हे चूक आहे. पास्कलच्या त्रिकोणातून (प्रत्येक कप्प्यापर्यंत किती वाटा जातात ते देणारी आकड्यांची मांडणी) मोजलं तर ६५५३६ वाटांपैकी ३५७५० वाटा या तीन कप्प्यांत उतरतात, म्हणजे ०.५४५५. एवढी तफावत तक्त्याची नव्हे, माझ्या हद्दीची होती. सातवा कप्पा म्हणजे रेषेवरचा बिंदू नाही, त्याला रुंदी आहे. तो ६.५ ला सुरू होतो आणि नववा ९.५ ला संपतो. या हद्दी घेतल्या की झेड उणे ०.७५ आणि अधिक ०.७५. तक्त्यात ०.७ च्या ओळीत ०.०५ च्या रकान्याखाली ०.७७३४. त्यातून ०.२२६६ वजा केले की ०.५४६८. ५०० मध्ये २७३! तो अर्धा कप्पा सोडू नका. टोकाला तर तो आणखी नडतो. १२ आणि पुढच्या कप्प्यांसाठी ११.५ घेतले तर झेड १.७५ आणि उरतात ०.०४०१, म्हणजे २० छर्रे. १२ घेतले तर ०.०२२८, म्हणजे जेमतेम ११. खरं उत्तर आहे ०.०३८४.

मग ५०० छर्रे सोडले, एकेक करून, दोन संध्याकाळी. मधल्या तीन कप्प्यांत २४९ पडले.

२७३ च्या जागी २४९ हा योगायोग की फळीचा दोष? इथेही झेडच कामाला आला. ५०० ला ०.५४६८ ने आणि ०.४५३२ ने गुणून वर्गमूळ काढलं की ११.१. फरक २४, म्हणून झेड उणे २.१६. (इथेही खरं तर अर्धा धरायला हवा, पण ११ पुढे अर्ध्याने फारसं बिघडत नाही.) शेपटीत, म्हणजे त्या झेडच्याही पलीकडे, ०.०१५४, दोन्ही बाजू धरून ०.०३०८. चांगल्या फळीवरही १०० वेळांत ३ वेळा असं होऊ शकतं. मला नुसत्या एवढ्यावर फळीला दोष द्यायचा नव्हता. पण १२ आणि पुढच्या कप्प्यांत २० ऐवजी ४३ होते. झेड ५.२! माझा तक्ता ३.४९ ला संपतो.

खिळे पुन्हा मोजले, अंतरं तपासली, सगळं बरोबर. शेवटी आईने विचारलं काय शोधतोयस, आणि ऐकून म्हणाली, "अरे, ती फरशी मोरीकडं उतारालाच बसवलीय. पाणी साचू नये म्हणून तुझ्या आजोबांनी करून घेतलंय." फळीची उजवी बाजू मोरीकडेच होती. स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा स्पष्ट डावीकडे सरकलेला. टेबलाच्या उजव्या पायांखाली लाकडी पाचरी मारल्या आणि पुन्हा ५०० सोडले.

मध्ये २६६. झेड उणे ०.६३, इथे काही म्हणणं नाही. ० ते ४ मध्ये २३ आणि १२ ते १६ मध्ये २७. डावं-उजवं जमलं, पण तक्त्याने दोन्ही टोकांत मिळून ४० सांगितले होते, पडले ५०. झेड १.६४, शेपटीत ०.०५०५. मला संशय आहे की छर्रा खिळ्यावरून उसळतो आणि पुढचा खिळा तिरका ओलांडून जातो. मग प्रत्येक ओळीचा कौल स्वतंत्र राहत नाही आणि वक्र पसरतो. उसळी कमी करायला खिळ्यांवर सायकलची जुनी वॉल्व ट्यूब कापून चढवतो आहे. १३६ पैकी ४८ झाल्या. ट्यूबमुळे खिळा जाड होतो, म्हणून प्रत्येक फटीतून एक छर्रा हाताने घालून बघतो. दोन ठिकाणी अडकला, तिथले खिळे उपटून पुन्हा ठोकावे लागणार.