लांडग्याचा करारनामा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मी मराठी सहलींना चित्रं दाखवते. बहुतेकांना व्हॅन गॉगची सूर्यफुलं बघून बस गाठायची असते. त्या दिवशी मात्र एक काका सासेत्ता या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांपाशी थांबले ते हलेचनात. तहसील कचेरीबाहेर बसून उभा जन्म दस्त लिहिण्यात घालवलेले गृहस्थ. म्हणाले, "ताई, हा बसलेला माणूस काय लिहून घेतोय?"

तो प्रसंग इटलीतल्या गुब्बिओ गावच्या लांडग्याचा. लांडग्यानं गावातली माणसं फाडून खाल्लेली. वाटेवर हाडं आणि तुटलेले अवयव अजून तसेच पडलेत. वेशीच्या तटावरून बायका डोकावतायत. संत फ्रान्सिसनं समेट घडवलाय: गावानं लांडग्याला रोज खाऊ घालायचं, त्यानं कुणाला इजा करायची नाही. लांडग्यानं आपला पंजा फ्रान्सिसच्या हातात दिलाय आणि नोटरी तो करार कागदावर उतरवतोय. ऐन चमत्कारात लेखनिकाला असं मानाचं स्थान देणारा सासेत्ता मला म्हणूनच फार आवडतो.

"दोन्ही पक्ष हजर, साक्षीदार हजर. दस्त पक्का!" काका खुलले. "मग चित्रकाराशीही लेखी ठरलं असेल की!"

ठरलं होतं. १४३७ साली, ५१० फ्लोरिनला, म्हणजे तेव्हाच्या चलनात. इथली चित्रं ज्याचे तुकडे आहेत, ते चर्चच्या वेदीवर मांडायचं भलंमोठं वेदीचित्र इटलीतल्या बोर्गो सान सेपोल्क्रोच्या फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्याच पंथाच्या, मठासाठी सिएना शहरात रंगवलं गेलं आणि १४४४ मध्ये तिथे पोचलं. दोन्ही बाजूंनी रंगवलेलं. पुढून भक्तांना मेरी आणि बाळ येशू दिसायचे. मागे प्रार्थनेला बसणाऱ्या मठवासीयांसमोर त्यांचा फ्रान्सिस असायचा, भोवती त्याच्या आयुष्यातले आठ प्रसंग. कालांतरानं ते मुख्य वेदीवरून उतरवलं आणि पुढे करवतीनं कापून तुकडे वेगवेगळे विकले गेले. एवढं सांगताना दरवेळी माझा जीव तुटतो. मठवासीयांनी सलग वाचलेली गोष्ट आज शहराशहरांत विखुरली आहे.

"इथे तर सातच आहेत," काकांनी मोजलं.

आठवा प्रसंग फ्रान्सिसच्या दारिद्र्याशी झालेल्या रूपकात्मक लग्नाचा, म्हणजे त्यानं गरिबी पत्करण्याचा. तो पॅरिसजवळच्या शांतिलीत, कोंदे संग्रहालयात आहे. सहलीचा पुढचा मुक्काम पॅरिसच होता. काकांनी खिशातली वही काढली, माझ्याकडून नाव नीट लिहून घेतलं आणि तडक टूर मॅनेजरला गाठलं.