कायद्यातील पीएचडी: शुल्कापलीकडचा हिशेब

कायद्यात पीएचडी करू इच्छिणारे विद्यार्थी सर्वप्रथम शुल्क किती, हे विचारतात. खरे तर हा सर्वांत सोपा प्रश्न आहे, कारण राज्य विद्यापीठांत ते सहसा आवाक्यातले असते, राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि खासगी विद्यापीठांत बरेच अधिक असते, आणि दोन्हीकडचे आकडे संकेतस्थळावर पाहायला मिळतात. अवघड हिशेब असतो तो वर्षांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षांचा कालावधी आहे. एलएलबी व एलएलएम करून तिशीकडे झुकलेल्या, घरची जबाबदारी अंगावर असलेल्या माणसाने एवढा काळ कशाच्या आधारावर काढायचा?

नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (संशोधकाला दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य), मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. परंतु त्यासाठी पूर्णवेळ संशोधन करावे लागते आणि नोकरी सोडावी लागते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, मात्र मग ही अधिछात्रवृत्ती नाही. शिवाय अर्धवेळ उमेदवाराला नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, असे त्यात लिहून आणावे लागते. आपल्याकडील विधी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक येथेच अडकतात. ‘तुम्ही आमचे कायम कर्मचारी नाही, तर प्रमाणपत्र कसे देणार?’ हे उत्तर ऐकून परतलेले सहकारी मी पाहिले आहेत. कायम नेमणुकीच्या स्पर्धेत टिकायला पीएचडी हवी आणि पीएचडीच्या अर्जाला कायम नेमणूक असल्यासारखा कागद हवा, असा हा पेच आहे.

अशा वेळी ‘घरबसल्या डॉक्टरेट’च्या जाहिराती मोहात पाडतात. याबाबत नियम निःसंदिग्ध आहे: दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी अभ्यासक्रम चालवता येत नाही. परदेशी विद्यापीठांच्या नावाने शैक्षणिक कंपन्या देऊ करत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नसल्याचा इशारा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता. प्रबंधाची अंतिम मौखिक परीक्षा ऑनलाइन होऊ शकते, तेवढ्यावरून सारी पदवी ऑनलाइन मिळते असे कोणी सांगू लागले तर सावध राहावे. ऑनलाइन सोयीचा खरा लाभ साधनांमध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर आणि पूर्वीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर विनामूल्य वाचता येतात. त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या संशोधकाच्या पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयवाऱ्या कमी होतात.

संशोधनाकडे कोण येतो, हेही याच हिशेबावर ठरते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींमुळे निरनिराळ्या समाजघटकांतील मुले-मुली संशोधनाकडे वळली, हे निर्विवाद आहे. मात्र ही रक्कम नोंदणीच्या दिनांकापासून मिळावी यासाठी त्यांना आंदोलने करावी लागली. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंदच केली. स्त्रियांना कमाल मुदतीत २ वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ती कागदावर चांगली आहे, पण त्या रजेच्या काळात मार्गदर्शक किती समजूतदार राहतात, यावरच तिचा उपयोग ठरतो.

विविधतेची चर्चा करताना आपण भाषा हमखास विसरतो. राज्यातील अनेक विद्यापीठांत एलएलबीची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, तालुका न्यायालयांत युक्तिवादही मराठीत चालतात. पीएचडीच्या मुलाखतीत मात्र सारा कारभार बहुधा इंग्रजीत होतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचे आणि राखण्याचे हक्क, मिळाले. अशा गावांतील ग्रामसभांचे ठराव आणि वनहक्क समित्यांचे कागद वाचून वनहक्क कायद्यावर प्रबंध लिहायचा, तर गोंडी समजणारा आणि मराठी दप्तर सहज वाचणारा उमेदवार हवा. इंग्रजी संभाषण अडखळते म्हणून मुलाखतीत त्याचे गुण कापले जात असतील, तर तो विषय ते दप्तर वाचू न शकणाऱ्याच्या हाती जाईल.