डोक्याचा फोटो: स्किझोफ्रेनियाच्या संशोधनासाठी लोकांचे एमआरआय करून घेताना आलेला माझा अनुभव

"सर, फोटोत दिसंल ना, काय बिघडलंय ते?"

हा प्रश्न हिंगोलीकडच्या आईनंही विचारलाय आणि बीडकडच्या वडिलांनीही. उत्तर पहिल्याच भेटीत, कागदावर सही व्हायच्या आधी द्यायचं असतं: नाही दिसणार. एमआरआय बघून स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं, निदान आजही करता येत नाही. दवाखान्यात डॉक्टर एमआरआय सांगतात तो गाठ, जुना मार, सूज असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. संशोधनातला स्कॅन वेगळा. त्यात पुष्कळ लोकांची मापं एकत्र करून गटागटांतला फरक शोधतात.

असा फरक असतो हे 1976 मध्ये इंग्लंडमधल्या ईव्ह जॉनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवलं. जुन्या रुग्णांच्या मेंदूतले पाण्याचे कप्पे मोठे दिसले, पण रुग्ण होते अवघे 17. पुढे 2016 मध्ये एनिग्मा या जागतिक गटानं 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी माणसांचे एमआरआय एकत्र मोजले. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) सरासरीनं लहान, पाण्याचे कप्पे सरासरीनं मोठे. हा 'सरासरीनं' शब्द घरच्यांना नीट समजावावा लागतो. मी उंचीचं उदाहरण देतो. दोन गावांतल्या माणसांची सरासरी उंची वेगळी निघू शकते, पण समोर उभ्या असलेल्या एकाची उंची मोजून तो कोणत्या गावचा हे सांगता येत नाही. हे पटलं की पुढचं काम सोपं होतं. न पटताच सही झाली, तर स्कॅननंतर महिनाभर 'रिपोर्ट कधी' म्हणून फोन येत राहतात, आणि त्यात चूक आपलीच असते.

माझं काम मराठवाड्यातल्या गावांमधून रुग्णांना आणि निरोगी सहभागींना स्कॅनसाठी तयार करण्याचं, मशीनपर्यंत नेण्याचं आणि परत पोचवण्याचं. मशीनमधली वेळ 40-45 मिनिटं. पण स्कॅन वापरता येणार की फेकून द्यावा लागणार, हे बहुतेक वेळा त्याआधीच ठरलेलं असतं.

संमती

वडील अंगठा द्यायला तयार आणि मुलगा खाली मान घालून गप्प, असं फार वेळा होतं. तिथं थांबायचं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 99 प्रमाणे संमती रुग्णाची स्वतःची हवी. तो संमती देण्याच्या अवस्थेत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. घरच्यांच्या सहीवर भागत नाही. मी माहितीपत्रक मोठ्यानं वाचतो आणि मग रुग्णालाच विचारतो: काय करणार आहोत? किती वेळ लागेल? मध्येच नको वाटलं तर काय करायचं? 'नाही' म्हटलं तर गोळ्या बंद होतील का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही होणार' हे उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं. वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो.

एक शब्द जपून वापरायचा. 'तुमच्या डोक्यात काय चाललंय ते बघायचंय' असं कधीही म्हणायचं नाही. आपले विचार कुणीतरी काढून घेतंय असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी हे वाक्य भयंकर आहे. 'मेंदूचा आकार आणि रक्ताचा प्रवाह मोजतो, विचार मशीनला कळत नाहीत' असं सांगायचं. ते खरंही आहे.

लक्षणं मोजताना

स्कॅनच्या आसपासच लक्षणांची मोजणी होते. त्यासाठी पॅन्स नावाची मोजपट्टी सर्रास वापरतात: 30 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 7 गुण, म्हणजे काहीच लक्षण नसलं तरी बेरीज 30. मुलाखतीला 40-50 मिनिटं धरावीत.

आपल्याकडे दोन ठिकाणी घोटाळा होतो. अमूर्त विचाराच्या मुद्द्यात म्हणीचा अर्थ विचारतात. इंग्रजी म्हणीचं भाषांतर करून विचारलं तर धडधाकट माणूसही अडखळतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' विचारा. शाळेत न गेलेली माणसंही झटकन सांगतात, आणि जो 'अंगण सारवून सरळ करायचं' म्हणतो, त्याचं उत्तर खरोखर काहीतरी सांगतं. दुसरा घोटाळा अंगात येण्याचा. पौर्णिमेला अंगात येतं एवढ्यावर भ्रमाचे गुण द्यायचे नाहीत. घरात, गल्लीत आणखी कुणाच्या अंगात येतं का? ते देवळापुरतं असतं की दिवसरात्र? गावाला ते देवाचं वाटतं, की गावच म्हणतं 'हे काहीतरी वेगळंच झालंय'? शेजाऱ्याचं हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

डावरेपणाची नोंदही अशीच. 'जेवता कोणत्या हातानं' विचारलं तर सगळेच उजवे निघतात, कारण लहानपणीच हातावर चापट बसलेली असते. दगड कोणत्या हातानं मारता, खुरपं कोणत्या हातात धरता, काडी कोणत्या हातानं ओढता, हे विचारायचं.

गोळ्यांची नोंद पाकीट पाहून करायची, तोंडी नाही. वेगवेगळी औषधं एका मापात आणण्यासाठी क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाच्या पटीत मांडतात: त्याचे 100 मिलिग्रॅम म्हणजे साधारण हॅलोपेरिडॉल 2, रिस्पेरिडोन 2 किंवा ओलांझापिन 5 मिलिग्रॅम. हे महत्त्वाचं आहे, कारण मेंदूच्या आकारातला काही फरक औषधांशीही जोडलेला असू शकतो. 2011 मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या 211 रुग्णांच्या पाहणीत तसं दिसलं होतं. पण म्हणून स्कॅनच्या दिवशी गोळी चुकवायची नाही, आणि हे ऐकून कुणी गोळ्या बंद तर मुळीच करायच्या नाहीत. आजार उलटण्याचा धोका त्याहून मोठा असतो.

घरची तालीम

मशीनच्या बोगद्याचा व्यास 60 किंवा 70 सेंटिमीटर असतो. त्याचा अंदाज घरी देता येतो. लाकडी टेबलाखाली चटई टाकून 10 मिनिटं उताणं झोपायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घड्या घातलेली चादर, आणि मोबाइलवर मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज. मशीन 100 डेसिबलच्या वर जातं, म्हणून आवाज हळूहळू वाढवायचा. स्कॅनच्या आधी आठवडाभर, रोज एकदा. ज्यांना भासाचे आवाज ऐकू येतात त्यांना आधीच सांगायचं, की मशीनच्या ठकठकीत ते वाढल्यासारखे वाटू शकतात, आणि नको वाटलं तर हातातला रबरी फुगा दाबायचा. आम्ही लगेच बाहेर काढतो. पहिल्या दोन मिनिटांत एकदा फुगा दाबून पाहायला लावायचा. तो खरंच चालतो हे कळलं की माणूस निवांत होतो.

धातू

मशीनच्या चुंबकाची ताकद 3 टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे 60,000 पट, आणि हे चुंबक रात्रीसुद्धा चालूच असतं. छापील यादीत पेसमेकर, क्लिप, इम्प्लांट असतं. ते विचारायचंच. पण आपल्याकडचा धातू वेगळ्या ठिकाणी सापडतो. चुन्याची डबी खिशात नाही तर धोतराच्या कनवटीला असते. करगोट्याला किल्ली, दंडाला ताईत, पदराला सेफ्टी पिन, ब्लाउजला लोखंडी हूक, जोडवी, पैंजण, चमकीची टिकली. म्हणून दागिने काढले तरी नेसत्या कपड्यांवर आत सोडायचं नाही; नाडीचा सुती गाऊनच. काजळ पुसून, चेहरा धुऊन. मंगळसूत्र काढायला बाई कचरते, तेव्हा ते तिच्या सासूच्या किंवा आईच्या हातात द्यायला सांगावं, कपाटात नाही. ताईत काढायला घाबरणाऱ्याच्या बाबतीतही तेच. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम केलं असेल, तर डोळ्यात कण गेला होता का, हे विचारून गरज पडल्यास आधी एक्स-रे. अपघातात टाकलेल्या सळईचा डिस्चार्ज कागद सोबत आणायला सांगायचं.

स्कॅनचा दिवस

रात्रभर एसटीनं येऊन सकाळी स्कॅन, हे टाळायचं. रेस्टिंग स्कॅनमध्ये, म्हणजे काही काम न देता मेंदू कसा चालतो ते बघताना, 8 मिनिटं डोळे उघडे ठेवून पडद्यावरच्या अधिकच्या (+) चिन्हाकडे बघत पडायचं असतं. जागरण झालेला माणूस तिसऱ्या मिनिटाला घोरतो, आणि झोपेतला मेंदू वेगळा चालतो. आदल्या दिवशी मुक्काम हवा; त्याचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरलेला असावा.

एप्रिल-मेमध्ये उन्हातून आलेल्या माणसाला लगेच आत नेऊ नये. शरीरातलं पाणी कमी झालं की मेंदूचं माप किंचित कमी आणि कप्प्यांचं किंचित जास्त येतं. आपण शोधतोय तोही याच दिशेचा बारीक फरक. म्हणून दोन ग्लास पाणी, तासभर सावलीत, मग लघवीला जाऊन यायचं. चहा आणि तंबाखू शेवटचं कधी घेतलं ते लिहायचं. तंबाखू पूर्ण दिवस बंद करायला लावली, तर माणूस तळमळतो आणि स्कॅन हलतो. उपास असेल तर तोही नोंदवायचा. आतली खोली थंड असते, त्यामुळे पायांवर चादर हवीच.

उजव्या कानशिलाला ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतो. ती चित्रात पांढरी दिसते आणि पुढे डावं-उजवं उलटं झालं तर लगेच कळतं.

क्रम माझ्या पसंतीचा असा: आधी मेंदूची रचना दाखवणारा 5-6 मिनिटांचा टी-1 स्कॅन, मग रेस्टिंग, शेवटी मेंदूतल्या तंतूंचा डिफ्युजन स्कॅन. डिफ्युजनला टेबल थरथरतं, कंटाळाही आलेला असतो. तो शेवटी बिघडला तरी आधीचे दोन हाती असतात.

हालचाल

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. टी-1 चा एक कण 1 मिलिमीटरचा. डोकं तेवढं हललं तरी चित्र धूसर होतं, आणि धूसर चित्रात संगणक मेंदूची साल पातळ मोजतो. रुग्ण निरोगी माणसापेक्षा जरा जास्त हलतात. म्हणजे काळजी घेतली नाही, तर आपण हालचाल मोजतो आणि तिला आजार म्हणून छापतो. हे मला फार लागतं, कारण रुग्णाच्या मेंदूबद्दल एक खोटं विधान त्यातून कायमचं नोंदलं जातं.

हलण्याची कारणं शोधली की बरीचशी औषधांत सापडतात. काही गोळ्यांनी पायात अशी तळमळ सुटते की माणूस स्वस्थ पडूच शकत नाही. त्याला दटावून उपयोग नाही. डॉक्टरांना सांगून आधी त्यावर उपाय, मग स्कॅन. क्लोझापिन घेणाऱ्यांच्या तोंडात लाळ साठते, उताणं पडल्यावर ती सारखी गिळावी लागते आणि प्रत्येक घोटाला हनुवटी हलते. दोन स्कॅनच्या मधे 'आता गिळून घ्या, खोकून घ्या' असं सांगितलं, तर निम्मा प्रश्न सुटतो. गुडघ्याखाली उशी द्यायची. कपाळावरून कागदी चिकटपट्टी लावून तिची टोकं कॉइलच्या, म्हणजे डोक्याभोवतीच्या साच्याच्या, दोन्ही कडांना चिकटवायची. ती डोकं बांधत नाही. फक्त हललं की कातडी ओढली जाते आणि माणसाला स्वतःला कळतं. डोकं करकचून बांधू नये, घाबरतात.

रेस्टिंगमध्ये दर 2 सेकंदांना एक, म्हणजे 8 मिनिटांत 240 चित्रं. लागोपाठच्या दोन चित्रांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल झाली, तर ते चित्र बाद धरतो. उरलेली 5 मिनिटांपेक्षा कमी भरली, तर तो स्कॅनच धरत नाही. म्हणून सहभागी टेबलावर असतानाच चित्रं बघायची. तो गावी पोचल्यावर कळून काय उपयोग?

तुलनेचा गट

निरोगी गटात दवाखान्याचे कर्मचारी आणि विद्यार्थी भरणं सोपं असतं, म्हणून तेच होतं. मग एका बाजूला नववीत शाळा सुटलेला, तंबाखू खाणारा शेतमजूर आणि दुसऱ्या बाजूला पदवीधर. निघालेला फरक आजाराचा की परिस्थितीचा? निरोगी माणूस त्याच तालुक्यातला, त्याच वयाचा, शक्यतो तंबाखूची सवयही तशीच असलेला घ्यायचा. शिक्षण जुळवताना आईवडिलांचं जुळवावं, कारण रुग्णाचं स्वतःचं शिक्षण तर आजारानंच तोडलेलं असतं.

रुग्ण आणि निरोगी आलटून पालटून स्कॅन करायचे. एका केंद्रावर आधी बहुतेक रुग्ण झाले, मग मशीनचं सॉफ्टवेअर बदललं, मग बहुतेक निरोगी. दोन्ही गटांतला फरक मशीनचा की मेंदूचा हे वेगळं काढताच आलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी बाहेर रांग वाढली म्हणून टी-1 दवाखान्यातल्या नेहमीच्या 5 मिलिमीटर जाडीनं उरकला. तो डॉक्टरला वाचायला पुरतो, मोजायला नाही. तेव्हापासून सेटिंगचा छापील कागद मी तंत्रज्ञाच्या टेबलावर ठेवतो आणि जाडीचा आकडा स्वतः वाचतो.

नंतर

प्रत्येक स्कॅन रेडिओलॉजिस्टनं बघायलाच हवा. एखाद्यात जुनी चुना झालेली गाठ निघते. ती कुणी, कशी आणि किती दिवसांत सांगायची, हे संमतीपत्रातच लिहिलेलं असावं. फाइलवरून नाव काढायचं आणि चेहराही, कारण टी-1 मधून नाक-डोळे पुन्हा उभे करता येतात. छोट्या गावात तेवढी ओळख पुरते.

वर्षानं दुसरा स्कॅन असेल तर तारीख पंचांग आणि शेती बघून ठरवायची. दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेलं कुटुंब गुढीपाडव्याच्या सुमारास परततं, आणि जूनमध्ये पेरणीच्या घाईत कुणी येत नाही. आमच्याकडे पहिला स्कॅन जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात ठेवतो, म्हणजे 12 महिन्यांनी माणूस गावात असतो. निघताना पिशवीतला एकेक दागिना मोजून परत, गोळ्यांचं पाकीट खिशात, एसटीचं भाडं हातात, आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी आईकडे.